इंडिया, चार सेंट

मागच्या ऑक्टोबरमध्ये आईला आणायला एअरपोर्टला जायचं होतं आणि आमची गाडी नेमकी गॅरेजला, म्हणून उबर केली. अंधेरीत कॉफी आणून देणारा पोरगा जसा हमखास अ‍ॅक्टिंग करायला आलेला असतो, तसा आमच्या नॅशव्हिलमध्ये, म्हणजे कंट्री म्युझिक ह्या अमेरिकेतल्या गावाकडच्या संगीताच्या शहरात, उबरवाला गीतकार निघतो, त्यामुळे ह्याने सांगितलं तेव्हा मला काही विशेष वाटलं नाही. साठीचा माणूस, मूळचा केंटकीचा, डॅशबोर्डवर वाचायचा चष्मा ठेवलेला. मी कुठली विचारलं, इंडिया म्हटलं, तर म्हणाला, "अरे वा, मला इंडियातून पैसे येतात."

मला वाटलं झालं, आता कॉल सेंटर फ्रॉडचा काहीतरी जोक येणार. पण त्याने सिग्नलला फोन काढून एक पीडीएफ उघडली आणि मागे धरली. रॉयल्टीचं तिमाही स्टेटमेंट. देशांची यादी होती, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, नॉर्वे, आयर्लंड वगैरे, आणि पार खाली इंडिया, ०.०४ डॉलर. चार सेंट. तीन महिन्यांचे. "तुम्हीच का त्या?" असं त्याने आरशातून बघत विचारलं आणि मला इतकं हसू आलं की मागच्या गाडीला हॉर्न वाजवावा लागला.

तर त्याची गोष्ट अशी की नव्वदच्या दशकात त्याने आणि अजून एकाने मिळून लिहिलेलं एक गाणं बऱ्यापैकी नाव असलेल्या एका गायकाच्या अल्बमवर नववं लागलं. नववं म्हणजे रेडिओवर वाजलं नाही, व्हिडिओ नाही, नुसतं सीडीच्या पोटात पडून होतं, इथे त्याला 'अल्बम कट' म्हणतात. अल्बम १० लाख खपला. तेव्हा कायद्याने एका गाण्याला एका कॉपीमागे साधारण ७ सेंट मिळायचे, म्हणजे ७०,००० डॉलर, त्यातले अर्धे गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या पब्लिशरचे, उरलेले ३५,००० दोघांत, म्हणजे ह्याच्या वाट्याला १७,५०० आले. "नवव्या गाण्याने माझ्या घराचं डाउनपेमेंट केलं," असं तो म्हणाला. लोकांनी सीडी घेतली पहिल्या गाण्यासाठी, नववं कितींनी शेवटपर्यंत ऐकलं देव जाणे, पण पैसे त्याचेही दिले, कारण सीडी अर्धी विकत घेता येत नव्हती. आता स्ट्रीमिंगमध्ये नववं गाणं कुणी दाबलंच नाही तर शून्य, आणि १० लाख वेळा दाबलं तरी असा अर्ध्यातला अर्धा हिस्सा असलेल्या गीतकाराच्या हातात काही शे डॉलर पडतात. तेव्हाचे १० लाख आणि आताचे १० लाख, आकडा तोच.

एअरपोर्ट आलं, मी नेहमीपेक्षा जास्त टिप दिली. गाण्याचं नाव विचारून फोनमध्ये लिहून ठेवलं.

*

आता माझं आणि कंट्री म्युझिकचं नातं. मी वसईची. आमच्या शेजारी जे अंकल राहायचे ते जहाजावर होते, आणि त्यांच्याकडे टेपरेकॉर्डर आमच्या आळीत सगळ्यात आधी आला. नाताळात त्यांच्याकडे कुलकुल तळायला आळीतल्या सगळ्या बायका जमायच्या, आम्ही पोरं काट्याच्या पाठीवर पिठाच्या गोळ्या दाबून गुंडाळायचो, आणि मागे तो माणूस गायचा. खोल, मऊ, अजिबात घाई नसलेला आवाज, जणू कोणी कानाशी बसून समजूत घालतंय. आम्हाला शब्द कळत नव्हते, पण आवाज पाठ होता. जिम रीव्हज. वसईच काय, वांद्रे, गोवा, केरळ, ईशान्य भारत, जिथे जिथे चर्च आणि टेपरेकॉर्डर एकत्र होते तिथे हा माणूस घरातलाच होता. अमेरिकेत येऊन सतरा वर्षं झाली, इथल्या तरुण पोरांना जिम रीव्हज म्हटलं तर निम्म्यांना माहीत नसतो. आमच्या अंकलना त्याच्या ख्रिसमसच्या १२ गाण्यांचा क्रम पाठ होता.

इथे नॅशव्हिलला आल्यावर मला दोन धक्के बसले. पहिला म्हणजे ब्रेंटवुड, जिथे मी दर शनिवारी किराणा आणायला जाते, त्याच्याच जवळच्या झाडीत ३१ जुलै १९६४ ला रीव्हजचं छोटं विमान पडलं होतं, तोच चालवत होता. म्हणजे आमच्या आळीत तो गात होता तेव्हा त्याला जाऊन वीसेक वर्षं झाली होती आणि अंकलसकट कोणाला ते ठाऊक असल्याचं मला तरी आठवत नाही.

दुसरा धक्का जास्त मोठा. ऑफिसमधल्या एका पक्क्या कंट्रीवाल्याला मी मोठ्या अभिमानाने सांगितलं की मी लहानपणापासून अस्सल जुनं कंट्री ऐकलंय, जिम रीव्हज. तो हसला. म्हणाला, अगं त्यांनीच तर कंट्री बिघडवलं.

झालं असं होतं की पन्नासच्या दशकात रॉक अँड रोल आलं, तरुण गिऱ्हाईक तिकडे पळालं, आणि नॅशव्हिलच्या रेकॉर्ड कंपन्या घाबरल्या. मग चेट अ‍ॅटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली ह्या दोन प्रोड्यूसरांनी फिडल, म्हणजे गावरान ढंगाचं व्हायोलिन, आणि स्टील गिटार मागे सारली, व्हायोलिनचा ताफा आणला, मागे आ-ऊ करणारे कोरस आणले, आणि नाकातून काढलेल्या गावरान आवाजाच्या जागी मऊ आवाज. १९५७ च्या एका गाण्यात रीव्हजने ओठ माइकला जवळजवळ टेकवून गायलं आणि तोच त्याचा आवाज झाला, आमच्या आळीत पोचलेला. ह्याला 'नॅशव्हिल साउंड' म्हणतात. अ‍ॅटकिन्सला कोणीतरी विचारलं म्हणे, नॅशव्हिल साउंड म्हणजे नक्की काय हो, तर त्याने खिशात हात घालून चिल्लर खुळखुळवली.

म्हणजे माझं जे अस्सल, ते कोणाची तरी भेसळ. मग मला नादच लागला की ही भेसळ सुरू कधी झाली, म्हणजे त्याच्या आधीचं शुद्ध कुठे आहे ते शोधू. आपल्याकडे नाट्यसंगीताच्या गप्पांत एक काका असतातच, आता पूर्वीसारखं राहिलं नाही म्हणणारे, आणि त्यांच्या लहानपणीही दुसरे कोणी काका तेच म्हणत असतात. कंट्रीत ह्या काकांची संख्या फारच जास्त आहे.

*

आई आली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पानगळ बघायला डोंगरात गेलो, आणि मी गाडी मुद्दाम ब्रिस्टलवरून घेतली. गाव छोटं आहे, पण मुख्य रस्ता म्हणजे स्टेट स्ट्रीट, त्याच्या मधोमध दोन राज्यांची हद्द जाते. रस्त्यात पितळी खुणा ठोकल्यात. आईने गाड्या नाहीत बघून एक पाय इकडे एक पाय तिकडे ठेवला आणि विचारलं, "म्हणजे हा पाय टेनेसीत आणि हा व्हर्जिनियात? मग टॅक्स कुठे भरतात गं?" आई बँकेत होती, एकोणतीस वर्षं. (प्रश्न अगदी योग्य होता, टेनेसीत पगारावर राज्याचा टॅक्स नाही, व्हर्जिनियात आहे.)

१९२७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ह्याच रस्त्यावर, टेनेसीच्या बाजूला, टोप्यांच्या एका कंपनीच्या रिकाम्या इमारतीत राल्फ पीअर नावाचा माणूस रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन बसला होता. व्हिक्टर कंपनीसाठी डोंगरातली गाणी गोळा करायला. सुरुवातीला फारसं कोणी येईना. मग गावच्या पेपरात बातमी छापून आली की अर्नेस्ट स्टोनमन नावाच्या गायकाला, जो आधीच पीअरसाठी गात होता, मागच्या वर्षी रेकॉर्डिंगचे ३,६०० डॉलर मिळाले. झालं, दुसऱ्या दिवसापासून डोंगरातून माणसं उतरायला लागली. चालत, घोड्यावर, ट्रेनने. १९ जणांची किंवा मंडळींची मिळून ७६ गाणी झाली. ज्याला आज कंट्रीचा जन्म म्हणतात, १९९८ ला अमेरिकन काँग्रेसने तसा ठरावही केलाय, तो जन्म पेपरातला पैशाचा आकडा वाचून आलेल्या माणसांनी घातला. ह्यात मला वाईट काही दिसत नाही. डोंगरात शेती कशी असते ते मी त्या दोन दिवसांत बघितलं.

आलेल्यांत कार्टर कुटुंब होतं. ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा आणि सारा‌ची मावस बहीण मेबेल, जी ए. पी.ची भावजयही होती. मेबेल १८ वर्षांची, सात-आठ महिन्यांची पोटुशी, उन्हाळ्यात उसन्या गाडीतून डोंगरातल्या कच्च्या रस्त्याने आलेली. तिने गिटार वाजवायची जी पद्धत काढली, अंगठ्याने खालच्या तारांवर चाल आणि बाकी बोटांनी ठेका, ती पुढे सगळ्या कंट्री गिटारचा पाया झाली. आई म्यूझियममध्ये तिच्या फोटोसमोर बराच वेळ उभी होती. म्हणाली, "सातव्या महिन्यात मी एसटीने विरारला गेले होते परीक्षेला, त्याचीच मला अजून धास्ती वाटते."

एका गाण्याचे ५० डॉलर रोख, वर प्रत्येक रेकॉर्डमागे थोडी रॉयल्टी. सहा गाणी, ३०० डॉलर. दोनच दिवसांनी जिमी रॉजर्स आला, रेल्वेत काम केलेला, क्षयाने खंगत चाललेला, त्याने दोन गाणी केली, १०० डॉलर. हे दोघं पुढे देशभर गाजले. पण गंमत पीअरच्या करारात आहे. तो व्हिक्टरकडून पगार घेत नव्हता, त्याने मागितलं होतं ते म्हणजे गाण्यांचे प्रकाशन हक्क. मी आईला समजावून सांगत होते की रेकॉर्ड वेगळी, गाणं वेगळं, गाणं कोणीही पुन्हा गायलं, छापलं, वाजवलं तर पैसे हक्कवाल्याला, वगैरे, आणि ती मध्येच म्हणाली, "म्हणजे पन्नास डॉलर रोख आणि सातबारा ह्याच्या नावावर."

सातबारा! इतक्या वर्षांत इतकी पुस्तकं चाळली, इतके पॉडकास्ट ऐकले, हे इतक्या सरळ कोणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर मी कंट्रीचा इतिहास बघते तो सातबाऱ्याच्या बाजूनेच बघते. आवाज बदलला, टोप्या बदलल्या, पिकअप ट्रक आले, ते ठीक आहे, पण जमीन कोणाच्या नावावर होती आणि नाव कोणाचं लागलंच नाही?

उदाहरणार्थ लेस्ली रिडल. पीअरला जुनी, कोणाच्या नावावर नसलेली किंवा नसल्यासारखी करता येणारी गाणी हवी असायची, कारण त्यांची नव्याने नोंद करता येते. म्हणून ए. पी. कार्टर गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसांकडून गाणी गोळा करायचा. पण त्याला शब्द उतरवता यायचे, चाल ध्यानात राहायची नाही. मग त्याने बरोबर घेतला लेस्ली रिडल, किंग्सपोर्टचा कृष्णवर्णीय गिटारवाला, अपघातात एक पाय गेलेला. ए. पी. शब्द लिहायचा आणि रिडल चाल डोक्यात ठेवून परत यायचा. चालता टेपरेकॉर्डरच म्हणा ना. मेबेल त्याच्याकडून गिटारमधलं बरंच शिकली. गाण्यांवर नाव ए. पी.चं लागलं, रिडलचं नाही. खरं तर बँजोचं मूळच आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांकडे आहे, आणि स्टील गिटार हवाई बेटांतून आली, म्हणजे ज्याला गोऱ्या डोंगराळ माणसाचं शुद्ध संगीत म्हणून विकलं गेलं त्याची वाद्यंच दुसऱ्यांची. पण विकताना कंपन्यांनी आधीपासूनच दोन कॅटलॉग केले होते, गोऱ्यांच्या रेकॉर्डी 'हिलबिली', काळ्यांच्या 'रेस'. गाणं तेच असलं तरी कप्पा कातडी बघून.

(हवाईच्या त्या गिटारीचं अजून एक टोक आपल्याकडेही आहे. टाऊ मो नावाचा हवाईचा वादक कुटुंबासकट कलकत्त्याला येऊन राहिला, तिथून ती वाजवायची पद्धत पसरली, आणि मग व्हॅन शिप्ली, हजारा सिंग ह्यांच्या हातून हिंदी सिनेमात शिरली. आमच्या अंकलकडे जिम रीव्हजच्या शेजारी हवाईयन गिटारवर वाजवलेल्या हिंदी गाण्यांची कॅसेट होती. दोन्हीत तो एकच घसरता सूर आहे हे मला चाळिशीत कळलं.)

*

रेडिओबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्यांना माहिती असतं. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम स्टेशनने १९२५ ला शनिवारी रात्री फिडल-बँजोचा कार्यक्रम सुरू केला, तोच पुढे 'ग्रँड ओल ऑप्री' झाला आणि अजून चालू आहे. स्टेशन विमा कंपनीचं होतं, नावाची अक्षरं म्हणजे 'वुई शील्ड मिलियन्स', आम्ही लाखोंना कवच देतो. एजंट घरोघर जायचे आणि ऑप्रीचं नाव काढलं की दार उघडायचं. म्हणजे मुळात जाहिरातच.

पण डीफोर्ड बेलीला 'थोडक्यात' मध्ये टाकून चालणार नाही. लहानसर चणीचा, लहानपणी पोलिओ झालेला, कृष्णवर्णीय माउथ ऑर्गनवाला. तोंडाने ट्रेन आणायचा, म्हणजे लांबून येणारी, जवळ येणारी, शिटी मारत निघून जाणारी ट्रेन. १९२७ मध्ये ज्या रात्री निवेदकाच्या तोंडून 'ग्रँड ओल ऑप्री' हे नाव पहिल्यांदा आलं, त्या रात्री त्याच वाक्याच्या आसपास बेलीची ट्रेन होती. दौऱ्यावर गेला की बाकीचे हॉटेलात आणि ह्याला जागा शोधायची वेगळी. १९४१ ला त्याला काढून टाकलं. त्या वर्षी रेडिओ स्टेशनं आणि अ‍ॅस्कॅप ह्या जुन्या हक्कसंस्थेचं भांडण झालं होतं, स्टेशनांनी बीएमआय नावाची स्वतःची संस्था आधीच काढली होती आणि त्या वर्षी अ‍ॅस्कॅपची गाणी वाजवायची बंद. बेलीची लोकांना आवडणारी गाणी त्यात अडकली. वर निवेदकाने पुढे लिहून ठेवलं की तो आळशी होता, नवीन शिकायला तयार नव्हता. त्याने उरलेलं आयुष्य बुटांना पॉलिश करायचं दुकान चालवलं, त्याच शहरात. १९८२ ला गेला, २००५ ला हॉल ऑफ फेममध्ये आला. ह्याच बीएमआयमुळे गावाकडच्या शेकडो गीतकारांना, ज्यांना अ‍ॅस्कॅप दारात उभं करत नव्हतं, पहिल्यांदा रॉयल्टी मिळायला लागली हेही तितकंच खरं. माझ्या उबरवाल्याचं स्टेटमेंटही बीएमआयचंच होतं.

*

शुद्ध शोधायचा माझा नाद ब्रिस्टलमध्येच सुटला, हे तुमच्या लक्षात आलं असेल. पण भेसळीच्या काळातली एक गोष्ट मला मनापासून आवडते आणि ती बघायला मिळाली ते इथल्या एका मराठी मित्रामुळे, जो हौशी कीबोर्ड वाजवतो आणि एकदा सेशनला घेऊन गेला.

साठच्या दशकापासून इथली पद्धत आहे, सेशन तीन तासांचं, सकाळी दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. तीन तासांत तीन-चार गाणी उरकायची. वादक ठरलेले, गाणं त्यांनी आधी ऐकलेलंही नसतं. डेमो एकदा लावतात, आणि वादक कागदावर आकडे लिहितात, म्हणजे कितव्या सुरावरची कॉर्ड ते. १, ४, ५, सहाला बारीकशी आडवी रेघ. बस. तो कागद म्हणजे 'नंबर चार्ट'. जॉर्डनेअर्स ह्या कोरस ग्रूपमधल्या नील मॅथ्यूजने पन्नासच्या दशकाच्या शेवटी काढलेली युक्ती. सूर बदलला, म्हणजे गायिका म्हणाली मला हे जड जातंय, अर्धा खाली घ्या, तर कागद तोच, फक्त १ कुठे ते बदलायचं. मी मित्राला म्हटलं, अरे हे तर आपलं 'काळी चार' झालं. षड्ज कुठला ते एकदा सांगा, पुढचं सगळं त्याच्या हिशोबाने. तो म्हणाला, मी इथल्या बेसवाल्याला हेच सांगितलं होतं, त्याला पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची गोष्ट इतकी आवडली की तो आता सूर विचारताना "कोणती काळी?" असं मराठीत विचारतो. मी स्वतःच्या कानाने ऐकलं. "कोन्ती काली?"

त्या कागदाकडे बघून मला वाटलं की भेसळ वगैरे म्हणणाऱ्यांनी हे एकदा बघावं. साध्या कोऱ्या कागदावर पेन्सिलीने आकडे, कोपऱ्यात कॉफीचा गोल डाग, आणि दुसऱ्याच टेकला पूर्ण गाणं.

*

सत्तरच्या दशकात वेलन जेनिंग्ज आणि विली नेल्सन ह्या गायकांनी स्टुडिओच्या ह्या बांधील पद्धतीविरुद्ध बंड केलं, केस वाढवले, आपले वादक आपण निवडणार म्हणाले. कंपनीने लगेच त्या बंडाचाच अल्बम काढला, १९७६ ला, आणि तो कंट्रीतला पहिला प्लॅटिनम, म्हणजे दहा लाख खपलेला, अल्बम ठरला. ह्याच्यावर वेगळं काही लिहायची गरज नाही.

डॉली पार्टनवर मात्र आहे. १९७४ ला तिचं 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' कंट्रीत पहिल्या नंबरवर होतं, आणि एल्व्हिस प्रेस्लीला ते गायचं होतं. एल्व्हिस! तिने मैत्रिणींना सांगून टाकलं असणार. रेकॉर्डिंगच्या तोंडावर त्याचा मॅनेजर, कर्नल पार्कर, म्हणाला की एल्व्हिस ज्याला हात लावतो त्याचे अर्धे पब्लिशिंग हक्क आमचे. डॉली नाही म्हणाली. रात्रभर रडली, पण नाही म्हणाली. १९९२ ला व्हिटनी ह्यूस्टनने ते गाणं गायलं आणि जगात कुठे वाजलं नाही ते सांगा, आमच्या वसईत लग्नाच्या बँडने वाजवलेलं मी ऐकलंय. आईला ही गोष्ट सांगितली तर तिने एकच शब्द म्हटला, "शाब्बास."

आणि १९९१ ची ती बारकोडची भानगड. त्याच्या आधी बिलबोर्ड ह्या संगीताच्या मासिकाची खपाची यादी कशी व्हायची, तर दुकानांना फोन. काय खपतंय हो? आणि दुकानदार जे सांगेल ते. शहरातल्या दुकानातला पोरगा कशाला सांगेल की सगळ्यात जास्त काउबॉय टोपीवाल्याची कॅसेट खपली, त्याला लाज वाटायची. मे १९९१ पासून काउंटरवर स्कॅन झालेला बारकोड मोजायला सुरुवात झाली, आणि सप्टेंबरमध्ये गार्थ ब्रूक्सचा अल्बम आला तो थेट देशातल्या सगळ्या अल्बमच्या यादीत पहिल्या नंबरवर. कंट्रीत असं कधीच झालं नव्हतं. लोक आधीपासूनच ऐकत होते, मोजत कोणी नव्हतं. माझ्या उबरवाल्याचं डाउनपेमेंट ह्याच लाटेतलं.

मग १९९६ चा टेलिकॉम कायदा. त्याआधी एका कंपनीला देशभरात ४० रेडिओ स्टेशनांपर्यंतच परवानगी होती, ती मर्यादा काढली, आणि काही वर्षांत क्लिअर चॅनल ह्या एकाच कंपनीकडे १,२०० च्या आसपास स्टेशनं आली. आधी गावच्या डीजेला वाटलं म्हणून गाणं लागायचं, आता यादी वरून येते. २००३ ला डिक्सी चिक्सच्या गायिकेने लंडनमध्ये इराक युद्धावरून राष्ट्राध्यक्षांविरुद्ध एक वाक्य काढलं आणि ह्या रेडिओवरून त्या जवळजवळ गायबच झाल्या. २०१५ ला एका रेडिओ सल्लागाराने जाहीर सल्ला दिला की बायकांची गाणी एकापाठोपाठ लावू नका, स्टेशनचं सॅलड आहे, पुरुष गायक म्हणजे त्यातला पाला आणि बायका म्हणजे टोमॅटो, मधून मधून. मेबेलपासून सुरू झालेल्या धंद्यात! आई तेव्हा खरंच टोमॅटो चिरत होती, तिला मी काहीच बोलले नाही.

*

आता जे चाललंय त्याबद्दल माझं मत धड बनत नाही. २०१८ च्या शेवटी लिल नॅस एक्स नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोराने ३० डॉलरला इंटरनेटवरून विकत घेतलेल्या ठेक्यावर घोड्याचं गाणं केलं. २०१९ मध्ये बिलबोर्डने ते कंट्रीच्या यादीत घेतलं आणि मग काढून टाकलं, म्हणे ह्यात पुरेसं कंट्री नाही. व्हायोलिनच्या ताफ्यात पुरेसं होतं. ते गाणं मुख्य यादीत सलग १९ आठवडे पहिलं राहिलं. तो पोरगा काळा होता हे सांगायला नको. २०२४ ला बियॉन्सेने कंट्री अल्बम काढला, तो पुढच्या फेब्रुवारीत ग्रॅमीत वर्षाचा सर्वोत्तम अल्बम ठरला, आणि नॅशव्हिलच्या आपल्या सीएमए, म्हणजे कंट्रीवाल्यांच्या संघटनेच्या, पुरस्कारांत त्याला एकही नामांकन नाही. दार तेच आहे बेलीचं, आता फक्त बाहेर उभं राहणाऱ्याला दाराची गरज उरलेली नाही.

आणि मग ल्यूक कोम्ब्स. जाड्या, दाढीवाला, टोपीतला गोरा गायक, ह्याने २०२३ मध्ये ट्रेसी चॅपमनचं १९८८ चं 'फास्ट कार' गायलं, शब्द जवळजवळ तसेच ठेवून, अगदी बाईने स्वतःबद्दल म्हटलेली ओळसुद्धा तशीच. कंट्री रेडिओवर पहिल्या नंबरला गेलं. त्या वर्षीचा सीएमएचा सर्वोत्तम गाण्याचा पुरस्कार चॅपमनला मिळाला, तो मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय गीतकार. गाणं तिने एकटीने लिहिलेलं, हक्क तिच्याकडे. इथे रेडिओवर गाणं वाजलं की पैसे गीतकाराला मिळतात, गायकाला एक दमडी नाही, बाकी बहुतेक जगात असं नाही पण अमेरिकेत आहे. म्हणजे उन्हाळाभर कोम्ब्स रेडिओवर गात होता आणि मीटर चॅपमनचं पडत होतं. सातबारा नावावर असला की असं होतं.

पण हे झालं मोठ्यांचं. नॅशव्हिलचा जो कारागीर वर्ग होता, रोज अकरा वाजता दोघं-तिघं खोलीत बसून गाणं लिहिणारे, पब्लिशरकडून महिन्याला उचल घेणारे, नवव्या गाण्यावर घर घेणारे, तो विरळ होत गेला. म्यूझिक रो ह्या संगीतवाल्यांच्या रस्त्यावर जी जुनी घरं पब्लिशरांची ऑफिसं होती त्यातली कितीतरी पाडून तिथे फ्लॅट झाले. इथल्या ब्रॉडवे रस्त्यावर आता मोठ्या गायकांच्या नावाचे चारमजली बार आहेत, गुलाबी टोप्या घातलेल्या नवऱ्यामुली उघड्या बसमधून ओरडत जातात, आणि १९४७ पासूनचं, अर्नेस्ट टब ह्या जुन्या कंट्री गायकाचं रेकॉर्डचं दुकान २०२२ ला बंद झालं. मला त्या मुलींचा राग येत नाही, त्या मजा करायला आल्यात. बारमध्ये वाजवणारी पोरं टिपेच्या बादलीवर जगतात आणि बादलीवर आता क्यूआर कोड असतो.

आईच्या जाण्याच्या आदल्या दिवशी मला फोनमधलं ते नाव आठवलं. नववं गाणं. लावलं. चांगलं होतं, म्हणजे खूप भारी नाही, बापाच्या बंद पडलेल्या ट्रॅक्टरवर आहे, दुसऱ्या कडव्यात एक ओळ अशी की मी फोडणी करता करता थांबले. आई डायनिंग टेबलवर पेपर पसरून मेथी निवडत होती.

"हे अंकलकडे लागायचं तेच का गं?"

"नाही गं, हा वेगळा. हे त्या उबरवाल्याचं."

"मला सगळी सारखीच वाटतात." मग थोडा वेळ काड्या मोडल्याचा आवाज. "आत्ता आपण ऐकलं त्याचे त्याला मिळाले का?"

"मिळाले असतील काहीतरी."

"किती?"

मी फोनवर हिशोब केला, अंदाजपंचेच. "साधारण चाळीस वेळा लावलं तर एक सेंट."

तिने पिशवीत बघितलं.

"अजून तीन जुड्या आहेत. लाव."